कडेवरचा बैल

त्या बाईला मी एकदाच पाहिलं, सेलूच्या तान्ह्या पोळ्यात. मुलं लाकडी बैल ओढत रांगेत चालली होती. तिच्या मुलीच्या बैलाचं चाक निखळलं. पोरं ओरडली, "लंगडा बैल!" मुलगी रडू लागली. बाईनं खाली बसून पदरानं बैलाचं तोंड पुसलं.

"काऊन रडून राह्यली वं? थकला असंन तो. कडेवर घे त्याले."

मुलगी बैल कडेवर घेऊन ऐटीत पुढं निघाली.

माझी लेक ते बघत होती. तिनं रंगवलेला बैल बघून सकाळी मी तिला "हे कुत्रं घरीच ठेव" म्हणालो होतो. तिच्याशी मी नेहमी असंच बोलत आलोय.

परतताना म्हटलं, "तुझाबी बैल चांगला होता, बेटा."

"खोटं नोका बोलू, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "मले काईच जमत नाई."