नकाशात नसलेला डोंगा

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — कसलं सोपं! दोनदा लिहून खोडलं आहे.

मी चंद्रपुरात चित्रकला शिकवते. चार वर्षांपूर्वी आम्ही आठ जणांनी मिळून एक काम काढलं. छप्पन साली वैनगंगेपलीकडच्या आमच्या गावची माणसं बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, पायी गेली होती, लेकराबाळांसकट. ती वाट इंटरनेटवर नकाशात पुन्हा काढायची. एकेक मुक्काम एकेकानं घ्यायचा — कुणी चित्र करणार, कुणी आवाज, कुणी गोधडीवर टाके. नकाशावर बोट ठेवलं की तो मुक्काम उघडणार. कोणता मुक्काम कुणाचा, त्याची खात्री कुणी दिली, हा तक्ता माझ्याकडे. वाटेनं स्वतः चाललेल्या माणसाच्या तोंडून आल्याशिवाय नकाशात काहीच जाणार नाही, हा नियमही माझाच. किती टिमकी वाजवायची मी त्या नियमाची!

आठांत विलास एकटा वेगळा. ढिवराच्या घरचा, म्हणजे मासेमार जातीचा, घुग्घुसला खाणीत ड्युटी करून लाकडाची कामं करायचा. त्याचं म्हणणं, त्याच्या आजानं, कवडूनं, या माणसांना आपल्या डोंग्यातून नदीपार नेलं. विलास तसाच डोंगा कोरणार होता, वल्ह्याचा आवाज नकाशात टाकणार होता.

मला ते खटकलं. आमच्या लोकांना तेव्हा विहिरीवर कुणी उभं करत नव्हतं, आणि हा म्हणतो डोंग्यात बसवलं? आता सगळ्यांनाच यात वाटा पाहिजे झाला का? ऑनलाइन बैठकीत तो कॅमेरा बंद ठेवायचा. का? लपवायचं काय होतं? एकदा त्यानं विचारलं, वेबसाइट कुणाच्या नावावर राहणार. झालं — माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी त्याचं फेसबुक पार खालपर्यंत वाचून काढलं. मासे, पोरीचा वाढदिवस, एक दुरुस्त केलेलं कपाट. इतकं साधं? मग तर नक्कीच काहीतरी असणार, असं मला वाटलं. (कॅमेऱ्याचं नंतर कळलं. तो शिफ्ट सुटल्यावर खाणीच्या कॅन्टीनमध्ये बसून बोलायचा, तोंडावर कोळसा असायचा.)

तेवढ्यात मी आत्याकडे गेले. त्या वाटेनं चाललेल्यांपैकी आमच्या घरात आता ती एकटीच उरली आहे. तेव्हा नऊ वर्षांची होती. फोनमध्ये तिचा आवाज भरून घेत होते. मी नदीचं काही विचारलंही नव्हतं, तीच म्हणाली, "नदी भरून होती वं बाई. कोणी पार करून देत नव्हतं. मंग कवडू आला. त्यानं आमाले डोंग्यात बसवलं, तीन खेपा केल्या. त्याच्या लोकाईनं मंग त्याले वाळीत टाकलं. तलावातल्या मासोळीतला हिस्साबी बंद केला त्याचा."

कवडू. नाव मी तिला सांगितलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. विलास खरा निघाला याचा राग. आणि — हे लिहिताना लाज वाटते — आमची माणसं स्वतःच्या पायांनी गेली, त्यात दुसऱ्या कुणाचे उपकार कशाला, याचाही. बसस्टँडवर उभ्या उभ्या मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं, आत्याला डोंग्याचं काही आठवत नाही. नियम तो नियम. सगळ्यांनी माना डोलावल्या. विलास एवढंच म्हणाला, "ताई, तुम्हाले वाटते मी खोटं बोलून राह्यलो?" मी म्हणाले, माझ्या वाटण्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी तो ग्रुपमधून निघून गेला. कवडूचा मुलगा, विलासचा बाप, अंथरुणावर होता. कवडूचं नाव एकदा फोनमध्ये पाहायचं होतं त्या म्हाताऱ्याला. हे मला ठाऊक होतं. विलासनंच पहिल्या बैठकीत सांगितलं होतं.

नदीचा मुक्काम मी स्वतः घेतला. माणसं एकमेकांचे हात धरून पाण्यातून चालत पार होताहेत, असं चित्र काढलं. भरल्या वैनगंगेत, ऑक्टोबरात! नदीकाठचं शेंबडं पोरही हसलं असतं. पण बघणारे दूरदूरचे. सगळ्यांत जास्त कौतुक त्याच चित्राचं झालं. विलासचा बाप त्याच उन्हाळ्यात गेला.

काम झाल्यावर आत्याला फोनवर नकाशा दाखवायला गेले. तिला वाचता येत नाही. तिनं चित्र डोळ्यांजवळ धरलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "डोंगा नाई दिसून राह्यला."

"पलीकडच्या बाजूला आहे," मी म्हणाले.

"आन् कवडूचं नाव? लिवलं ना?"

लिहिलं, म्हणाले. कुठी, म्हणून तिनं विचारलं. मी तिचं बोट धरून चित्राखालच्या अक्षरांवर ठेवलं. तिनं ते बोट कपाळाला लावलं.

ते माझं नाव होतं.