गावपळणीत पडलेला आंबा

साठ सालच्या डिसेंबरात, गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, दाजी सावंत यांच्या खासगी जमिनीतल्या आंब्यावर रस्त्याच्या कंत्राटदाराने कुऱ्हाड चालवली. झाडावर समुद्री गरुडाचे घरटे होते. घरट्यात पिल्लू होते.

आचऱ्याच्या भागात गावपळण म्हणजे देवाचा कौल घेऊन सगळे गाव, गुराकोंबड्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर राहते. मागे कोणी थांबत नाही.

मी त्या रस्त्यावर ओव्हरसियर होतो. अलाइनमेंट, म्हणजे रस्ता कुठून जायचा त्याची आखणी, माझ्याकडे होती. सरळ रेषा आंब्यावरून जात होती. घरट्यात पिल्लू असेपर्यंत दाजी त्या जागेत गुरे सोडत नसत, लाकूडफाटाही वेचू देत नसत. झाड वाचावे म्हणून त्यांनी शेजारचा भाताचा कोपरा फुकट देऊ केला. मालवणच्या आमच्या इंजिनियर साहेबांनी वळण मान्य केले. खुंट्या मी ठोकून घेतल्या. कंत्राटदाराचे काम वाढले आणि आंब्याचे लाकूडही हातचे गेले. गाव रिकामे व्हायची त्याने वाट पाहिली.

मी सायकलने कामावर निघालो होतो. दाजी वेशीबाहेर, आपल्या खोपटापुढे उभे होते.

"सायबानू, कुराडीचो आवाज येता. माका आत जावक येणा नाय. तुमका बंदी नाय. तुमी जावा."

मी गेलो. बुंधा अर्ध्याहून जास्त तोडला होता. गरुडांची जोडी वर ओरडत फिरत होती. कोणाच्या परवानगीने, असे मी विचारले.

"मालकाची हरकत असेल तर मालकाने यावे," कंत्राटदार म्हणाला. "बोलवा की."

मालक येऊ शकत नाही हे त्याला माहीत होते. मी काम थांबवले आणि मालवणला साहेबांकडे गेलो. वळण तुम्हीच मान्य केलेत, असे सांगितले. बुंधा किती कापला, एवढेच साहेबांनी विचारले. मी सांगितले.

"मग ते झाड आता धोक्याचे. पाडून टाका."

ज्याने झाड धोक्याचे केले, त्यालाच ते पाडायचा हुकूम मिळाला. मी लेखी हरकत नोंदवली; तिला उत्तर आले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आंबा पडला. कौल मिळून गाव परतल्यावर दाजींनी फांद्या बाजूला करून पिल्लू शोधले आणि पुरले. रस्ता सरळ गेला.

पुढच्या हंगामात त्या जोडीने दाजींच्याच जमिनीतल्या सातविणीच्या झाडावर घरटे बांधले. तीन वर्षांनी पुन्हा गावपळण ठरली, तेव्हा तिथे रस्त्याखालच्या मोरीचे काम चालू होते. कंत्राटदार तोच. दाजींनी आपण बाहेर पडणार नाही असे सांगितले. गावचे मानकरी समजावायला आले. मी तिथेच होतो.

"दाजी, देवाक काय सांगतलंस?"

"देवाक मी समजावतंय. कंत्राटदाराक कोण समजावतलो?"

गाव वेशीबाहेर गेले. दाजी तीन दिवस सातविणीखाली बसून होते.