कावीळवाल्यांची जीप

लोकांचं रक्त काढायची नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत हो, तेच जीपच्या मागं पळत येतात! ऐंशीच्या आसपास आम्ही तिघं उस्मानाबाद जिल्हा पालथा घालत होतो: देशमाने डॉक्टर, एक ड्रायव्हर अन् सुई धरणारा मी. हेपटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, किती जणांच्या अंगात आहे अन् कशानं शिरते, ते शोधायचं.

*

भूमकडं दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या एका म्हाताऱ्याला म्हटलं, हात पुढं करा. तो भडकलाच.

"प्यायला पाणी न्हाय, अन् तुमी रगत मागायलाव?"

तेवढ्यात त्याला नमुन्यांच्या पेटीतला बर्फ दिसला. "एक खडा द्या की. मग दोन्ही हातांचं घ्या!"

देशमाने साहेब पाघळले. मग जो तो खडा मागत हात पुढं करायला लागला. दुपारपर्यंत नमुने भरपूर अन् पेटीत बर्फाचा पत्ता नाही! नमुने नासायच्या आत पोचायला ड्रायव्हरनं जीप अशी हाणली की विचारू नका.

*

ढोकीला ऊसतोडीच्या तळावर मुकादमाचं रक्त घेतलं. गडी जागचा हलेना.

"औषध कुठाय? सुई टोचली तर आत कायतरी गेलं पायजे. तुमी तर उलटंच करायलाव!"

साहेबांनी समजावलं, उगाच इंजेक्शनं घेऊ नका, एकाची सुई दुसऱ्याला चालत नाही. मुकादम हसला.

"आमचा डॉक्टर बगा, एका सुईत सगळा तळ उरकतो!"

*

एका आत्याबाईंच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. साहेबांनी विचारलं, "हे गोंदलं ती सुई आणखी कुणाला टोचली होती का?"

"सासूला, मला, माज्या सुनंला. लई खानदानी सुई हाय ती!"

*

बेंबळीला मात्र साहेबांच्या अंगलट आलं. पहिल्या फेरीला त्यांनी ठणकावून सांगितलं, दुसऱ्याला लावलेला वस्तरा लावून घेऊ नका. गावानं कधी नव्हे ते ऐकलं! पुन्हा गेलो तर सगळ्या बाप्यांच्या दाढ्या वाढलेल्या. अन् रसूलचाचा, गावचे न्हावी, जीपला आडवे.

"साहेब, तुमी बोलून गेलाव अन् माज्या घरची चूल इझली. एक गिऱ्हाईक येईना. आता मी खावं काय?"

साहेबांचा चेहराच उतरला. मलाही फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याचं काय चुकलं होतं?

साहेब म्हणाले, "चाचा, दर गिऱ्हाइकाला वस्तरा चांगला खळखळ उकळून घ्या, मग भीती नाही. पहिला मीच बसतो, गावासमोर!"

बाजाराचा दिवस. लिंबाखाली स्टोव्हवर पातेलं खदखदतंय, भोवती ही गर्दी. साहेब ऐटीत बसले. तोंडाला साबण लागला. चाचांनी वस्तरा उचलला अन् थांबले.

"तुमी सगळ्यांना इचारताव, म्हणून इचारतो. कुटं गोंदलंय का?"

"नाही."

"रगत चढवलंय?"

"नाही."

"कावीळ झालती कदी?"

साहेब जरा घुटमळले. "झाली होती... कॉलेजात असताना."

चाचांनी वस्तरा मिटला, साहेबांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला अन् गर्दीकडं वळून हाक दिली, "चला रं, बसा एकेक! साहेबांचा नंबर शेवटी!"

तोंडाला साबण तसाच घेऊन डॉक्टर उठले, अन् लिंबाखाली ही रांग लागली!