सुनंदाताईंची उडी आणि माझी टाळी

आता हे ऐकून तुम्ही हसणार, मला माहीत आहे. हसा. फक्त चहाचे कप आधी खाली ठेवा, मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा मावशीची नवी साडी गेली होती.

तर मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला क्षेत्रकार्य होतं. क्षेत्रकार्य म्हणजे काय, तर वर्गात गोळा केलेलं शहाणपण बाहेरच्या निष्पाप लोकांवर सोडायचं. मी पेणची, रामवाडीची. आमच्या जवळच्याच मैदानावर दिव्यांग खेळाडूंचा सराव घेणारी एक स्वयंसेवकांची मंडळी होती, तिथे मला पाठवलं. मंडळीचे प्रमुख सलीमकाका. मूळचे रोह्याचे, कुवेतला बरीच वर्षं क्रेन चालवून परत आलेले, आणि बोलणं असं मोजून की जणू प्रत्येक शब्द क्रेनने उचलून ठेवायचा आहे.

पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "काका, खेळाडूंना माझी कोणती मदत लागेल? समुपदेशन वगैरे?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "टाळी वाजवता येते?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते खरंच काम असतं हो. आमच्या सुनंदाताई गडब गावच्या. पूर्ण अंध, आणि लांब उडीत पटाईत. अंध खेळाडू उडी मारतो तेव्हा वाळूच्या अलीकडे जी फळी असते, तिच्या पुढे एक माणूस टाळ्या वाजवत उभा राहतो. टाळी सुरू झाली की खेळाडूने निघायचं आणि टाळीच्या रोखाने सुसाट पळायचं. उडी मारायच्या आत टाळीवाल्याने बाजूला व्हायचं. तोवर बाकी सगळ्या मैदानाने तोंड आणि हात बंद ठेवायचे. एवढं साधं. मी एम.ए.पर्यंत पोचू घातलेली बाई, मला काय अवघड?

सरावात आमचं छान जमलं. सुनंदाताई म्हणायच्या, "प्राची, तुजी टाळी शंभर मान्सांत वळखीन गो." मला केवढा अभिमान वाटला होता. तोच अभिमान पुढे महागात पडला.

स्पर्धा रोह्याला होती. सुनंदाताईंची दोन वर्षं राज्य स्पर्धेची निवड अगदी वीतभराने हुकलेली. यंदा त्यांनी अख्ख्या गडबला सांगून ठेवलेलं की राज्य स्पर्धेला मी पुण्याला जाणार. त्यांच्या आईने तर वाटेत खायला पोह्याचे पापडसुद्धा बांधून तयार ठेवले होते. उड्या फक्त तीन. त्यातली एक चांगली पडायला हवी.

आपल्याकडे प्रमुख पाहुणे आल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही, आणि प्रमुख पाहुणे वेळेवर येत नाहीत. ऊन चढायला लागलं तसं पंच म्हणाले, सुरू करू, स्वागत मागाहून होईल. सुनंदाताई नियमाप्रमाणे डोळ्यांवर पट्टी बांधून उभ्या राहिल्या. मी फळीपुढे. मैदान चिडीचूप. मी हात वर केले आणि नेमकी तेव्हाच मांडवापाशी पाहुण्यांची गाडी आली. माइकवरून आवाज आला, "आपण टाळ्यांच्या गजरात त्यांचं स्वागत करू या."

लहानपणापासून शाळेच्या पटांगणात बसून जे हाताला वळण लागलंय ते लागलंय. 'गजरात' म्हटलं की माझे हात मला विचारत नाहीत. मी मांडवाकडे वळले आणि मनापासून टाळ्या वाजवल्या.

सुनंदाताई निघाल्या की. माझी टाळी त्या शंभरांत ओळखणार होत्या ना, ओळखली. पण चार पावलांत मांडवातली टाळी सुरू झाली, मग डावीकडची शाळेची पोरं. ताई आधी डावीकडे, मग उजवीकडे, फळीच्या बाजूने पुढे जाऊन थेट पाहुण्यांच्या रोखाने. मग एकदम थांबल्या आणि कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "प्राची, नक्की कुटं उडी मारू? चारी बाजूला वाळू हाय काय?"

पंचांनी उडी बाद केली.

दुसऱ्या वेळी मी ठरवलं, आता ब्रह्मदेव आला तरी मान वळवायची नाही. नजर फक्त ताईंवर. टाळी अशी वाजवली की तळहात लाल झाले. ताई अगदी सरळ आल्या, काय ती धाव, काय तो वेग! मी बघतच राहिले. बघता बघता बाजूला व्हायचं राहूनच गेलं.

वाळूत आधी मी पडले, माझ्यावर ताई. तोंडात वाळू, कानात वाळू. सुदैवाने ताईंना काही झालं नाही, खाली मी होते ना मऊ. सलीमकाका पंचांकडे धावले, उडी परत द्या म्हणून. पंच म्हणाले, "आडवी आलेली व्यक्ती तुमचीच आहे." अंतर अर्थातच कमी भरलं.

आता मला खरंच रडू यायला लागलं. त्या पापडांचं काय होणार, हेच डोळ्यांसमोर येत होतं. मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं."

"रडू नको," ताई वाळू झटकत म्हणाल्या. "काका, तिसरी टाळी तुमी द्या. आनि हिच्या हातात कायतरी द्या. मोकळे हात ठेवू नका हिचे."

सलीमकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ ताईंच्या चपला होत्या. त्यांनी एक माझ्या उजव्या हातात दिली, एक डाव्या. "धर. सोडायच्या नाय."

काकांनी टाळी दिली. ताई आल्या, उडाल्या, आणि अशा लांब जाऊन पडल्या की पंचांनी टेप दोनदा लावली. निवड झाली. पुणे पक्कं.

मैदान टाळ्यांनी दणाणलं. दणाणणं संपलं, पाहुणे माइकसमोर उभे राहिले, आणि "मला हे मैदान पाहून" एवढंच म्हणाले असतील, की मला एकदम भरून आलं. भरून आलं की माझे हात काय करतात हे आता तुम्हाला माहीत आहे. हातात चपला होत्या.

फटाक, फटाक, फटाक.

पाहुणे थांबले. सगळा मांडव माझ्याकडे वळला. त्यांच्यासमोर चपला वाजवणारी एक मुलगी, केसांत वाळू, डोळ्यांत पाणी. पाहुणे घाबऱ्या आवाजात म्हणाले, "ताई, तुमची मागणी काय आहे ते निवेदन देऊन सांगा. विचार करू."

दोन दिवसांनी आमच्या कॉलेजच्या मॅडमनी सलीमकाकांना फोन केला, क्षेत्रकार्यात विद्यार्थिनीने काय काम केलं विचारायला. मी शेजारीच उभी. काकांनी खूप विचार केला. माणूस प्रामाणिक, खोटं बोलवेना, आणि माझं नुकसानही करवेना.

शेवटी म्हणाले, "पोरगी गुणी हाय, मॅडम. चपला फार चांगल्या सांभाळते."