नानांची झडप आणि परीक्षेचा वॉर्ड

नानांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा कुणी विचारायच्या आत मीच म्हणालो, मी जातो. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून घरात मी रिकामाच धरला जातो, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. खरं कारण शीतल. गंगापूरला बारावीपर्यंत आम्ही एका वर्गात. आता ती त्याच दवाखान्याच्या मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षाला, आणि माझ्या मेसेजला कधीपासून उत्तर नाही.

गंगापूरहून एसटी आहेच, पण सकाळी जीप लवकर भरते. पेशंट सोबत असेल तर पुढची सीट आधीच सांगून ठेवा. वाळूजला कंपन्यांच्या शिफ्टची गर्दी लागली, जीप सरकेना. मी ड्रायव्हरवर दोनदा ओरडलो.

"पेशंट मी हाय का तू?" नाना म्हणाले.

क्रांती चौकात चहा-पोहे, तिथून रिक्षा. रिक्षावाला म्हणाला, "बडे दवाखाने ना? चाचा कू संभालके बिठाव."

केसपेपरच्या रांगेत जालना, बीड, परभणी, अख्खा मराठवाडा डबे आणि सतरंज्या घेऊन उभा. लवकर पोचा, आणि वॉर्डात एकच नातेवाईक थांबू देतात हे घरच्यांना आधीच सांगा. नानांना दाखल करून घेतलं. तपासण्यांत निघालं की हृदयाची एक झडप आकसलीय, सध्या गोळ्यांवर भागेल.

मग एक मोठे सर नानांजवळ आले. "बाबा, उद्या आमच्या मुलांची परीक्षा आहे. ती तुम्हाला तपासून आजार ओळखतील. चालेल? त्रास काय होतो ते सगळं सांगा, फक्त आजाराचं नाव सांगायचं नाही."

नाना खूश. आणि मला बाहेर थांबलेल्या मेडिकलच्या पोरांकडून कळलं, शीतलची परीक्षा याच वॉर्डात. मी नानांच्या कानाशी लागलो. "आपल्या गंगापूरची शीतल आली की हळूच सांगा, झडप आकसलीय म्हणून."

"सरांनी नाय म्हणलंय."

"नाना, पोरीचं भलं होईल."

"बरं."

परीक्षेला नातेवाईकांना बाहेर काढतात. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. तासाभरात नाना व्हीलचेअरवर बाहेर. झालं असं की पहिलाच एक घामाघूम पोरगा आला आणि नानांनी त्याला आजाराचं नाव सांगून टाकलं. त्यानं छातीला स्टेथोस्कोप लावायच्या आधीच उत्तर दिलं, नानांनी फोडलं हे सरांनी ओळखलं आणि नानांच्या जागी दुसरा पेशंट बसवला.

"तिला एकटीलाच सांगायचं होतं, नाना."

"एकीला सांगायचं अन् त्याला नाय? ते बी कुणाचं तरी लेकरूच की. लई घाबरलं होतं."

दुपारी शीतल बाहेर आली. पोरांत चर्चा झालेलीच होती. मला बघून थांबली.

"तूच सांगायला लावलंस ना?"

"तुझ्यासाठीच."

"छातीतलं मला ऐकू येतं. तुला वाटलं, येणार नाही?"

ती नानांकडं वळली, "ऐकू का, नाना?" म्हणाली, स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. "गोळी चुकवू नका," एवढंच बोलून गेली. माझ्याकडं पाहिलं नाही.

मकबरा तिथून जवळच, मी गेलो नाही. तिथला मटणाचा नान-कलिया खाल्ला, चव आठवत नाही. तुम्ही गेलात तर दोन्ही निवांत करा.

घरी येऊन आठवडा झाला. गोळ्या मीच देतो. काल नाना बाजेवर पडले होते, मी त्यांच्या छातीला कान लावला.

"काय येतंय ऐकू?"

"नुसती धडधड."

"तिला त्यात झडप ऐकू येती," नाना म्हणाले. "हल आता, डोकं जड हाय तुझं."

मी हललो नाही. अजून थोडं थांबलं तर काहीतरी ऐकू येईल, असं वाटत होतं.