एका दमात अख्खं मंत्रिमंडळ

माझ्या बायकोचे मोठे मामा हे भोपाळ शहराने पाहिलेले सर्वांत धीट गृहस्थ होते, हे साधं वाक्य लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. आमच्या जुन्या मराठी मंडळींत त्यांची आठवण अजून निघते, पण ती 'सरकारी पाळक', म्हणजे सरकारी धर्मगुरू, या नावाने. मंत्र्यांसाठी प्रार्थना करणारा, मंत्र्यांपुढे वाकणारा एक विक्षिप्त म्हातारा, असं सांगून लोक हसतात. परवा बिट्टन मार्केटात भाजी घेताना एका ओळखीच्या गृहस्थांनी तीच गोष्ट मला रंगवून सांगितली आणि मीही हसलो. कोलार रोडला घरी परतलो आणि जेवण गेलं नाही. ते नाव मी ठेवलेलं आहे आणि ती गोष्ट खोटी आहे. खरी कोणती, हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

मामा मूळचे नगरकडचे. मिशनच्या शाळेत वाजवायला शिकले आणि ऐन तारुण्यात भोपाळ संस्थानाच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवर लागले. संस्थान विलीन झालं, बँड मोडला आणि मामा इब्राहिमपुऱ्यातल्या एका दुकानात बाजाच्या पेट्या दुरुस्त करू लागले. क्लॅरिनेट सुटलं, पण दम सुटला नाही. तो सगळा दम त्यांनी प्रार्थनेला लावला. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करावी, हे आम्हा ख्रिस्ती माणसांना लहानपणापासून शिकवतात आणि आम्ही ती रविवारी एका वाक्यात उरकतो. मामा ती रोज दोन्ही जेवणांआधी नावानिशी करत आणि एका दमात अख्खं मंत्रिमंडळ घेत. बरं, त्यांच्या प्रार्थनेत एकदा आलेला माणूस पुन्हा बाहेर जात नसे. सुरुवात नवाबसाहेबांपासून. मग विलीनीकरणानंतरचे कमिशनर, मग छोट्या भोपाळ राज्याचे मंत्री, मग पुनर्रचना होऊन झालेल्या एवढ्या थोरल्या नव्या राज्याचे मंत्री. "मामा, जे पायउतार झाले ते तरी वगळा," असं मी एकदा भुकेच्या भरात म्हणालो. "खुर्ची गेल्यावर तर माणसाला देव जास्तच लागतो, जावईबापू," ते म्हणाले आणि त्या दिवशी माजी मंडळींना त्यांनी जरा जास्तच वेळ दिला. माझी बायको हुशार. प्रार्थना उपमंत्र्यांपर्यंत आली की ती उठून तव्यावर भाकरी टाकायची. आमेन व्हायला आणि भाकरी फुगायला एकच गाठ पडायची.

प्रार्थनाही कशी, तर त्यात कुणाची भलावण नसे. घरातल्या वाया चाललेल्या पुतण्याबद्दल थोरल्या भावाशी बोलावं, तसे ते देवाशी मंत्र्यांबद्दल बोलत. "प्रभू, ह्याने काल सभेत पुन्हा थाप मारली. तुला ठाऊकच आहे. पण मनाने तसा वाईट नाही. भोवतीची माणसं जरा बघ." सकाळचं वर्तमानपत्र ते याचसाठी वाचत. बातमी वाईट असली की चष्मा काढून तिथेच डोळे मिटत. त्यामुळे आमच्या घरी कुणालाही दुसरं पान संध्याकाळपर्यंत मिळत नसे.

त्यांचा एक नियम होता. ज्याच्यासाठी प्रार्थना केली नाही, त्याला शिव्या देण्याचा हक्क नाही. हा नियम फक्त ख्रिस्ती माणसांपुरता आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. एकदा आम्ही दोघं पीरगेटहून टांग्यात बसलो. टांगेवाला सरकारवर भयंकर भडकलेला होता.

"को खां, ऐसी निकम्मी सरकार देखी कभी?" त्याने मागे वळून खास भोपाळी थाटात विचारलं.

"उनके लिए दुआ की?" मामा म्हणाले.

"उनके लिए? दुआ?"

"नहीं की, तो फिर गाली का हक़ नहीं बनता, मियां."

टांगेवाल्याने लगाम आवरला. भर रस्त्यात टांगा थांबला. त्याने दोन्ही तळवे पुढे धरून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटलं, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "कर ली। अब दूँ?"

"अब दो."

त्याने तोंड उघडलं, दोन मोठ्या अस्सल शिव्या दिल्या आणि टांगा हाकला. बऱ्याच वेळाने घोड्याकडेच बघत म्हणाला, "अमां खां, अब मज़ा नहीं आ रहा."

मी हे सगळं त्या काळी फार वरून बघत असे. पुनर्रचनेत नागपूरचं सचिवालय भोपाळला हललं आणि त्याबरोबर आमच्यासारखे शेकडो कारकून ट्रंका-वळकट्यांसह इकडे येऊन पडले. नागपूरची राजधानी गेली याचा राग होताच. त्याहून मोठा राग स्वराज्यावर होता. शाळा बुडवून ज्यांच्यासाठी प्रभातफेऱ्या काढल्या, तीच माणसं आता बदल्या, बंगले आणि भाचे-पुतणे यांच्यात गुंतलेली मी रोज फायलींतून बघत होतो. मी प्रार्थना सोडून दिली होती. उपासनेला जायचो, डोळे मिटायचो, पण आत काही नसायचं. एकदा मामा पेटीचा भाता शिवत बसले होते. मी वैतागून म्हणालो, "मामा, तुम्ही इतकी वर्षं ह्यांची नावं घेताय. सुधारला एक तरी?"

त्यांनी दोरा दाताने तोडला. "जावईबापू, तुम्ही नुसते त्यांच्याकडे बघता. मीही तसा बघत बसलो असतो तर केव्हाच खचलो असतो. मी त्यांच्याकडे बघतो ते प्रभूच्या खांद्यावरून."

मी ते हसून उडवून लावलं.

तोवर आम्ही जुन्या शहरात मामांकडेच राहत होतो, मग आम्हाला टी. टी. नगरात नवं क्वार्टर मिळालं. भिंतींना चुन्याचा वास, दारापुढे खडी आणि क्वार्टरांच्या रांगेच्या टोकाला एक चकचकीत नळ. पाण्याचं खातं असलेल्या मंत्र्यांनी त्याचं उद्घाटन केलं. ओंजळभर पाणी ते स्वतः प्यायले, टाळ्या झाल्या आणि त्यांच्या मोटारीमागोमाग पाणीही निघून गेलं. पुढे कळलं की नळाचं पाणी टेकडीवरच्या बंगल्यांकडे वळवलं आहे. खाली उतारावर एक विहीर होती. बायका तिथून घागरी आणत. माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते. मी कचेरीत जायचो आणि साठी ओलांडलेले मामा रोज सकाळी जुन्या शहरातून चालत येऊन भाचीसाठी दोन बादल्या पाणी चढ चढून आणायचे. तो चढ चढतानाही त्यांचे ओठ हलत असत. कुणाचं नाव घेतात ते मी ओळखून होतो आणि त्याचाच मला संताप येई.

अखेर रांगेतल्या लोकांनी ठरवलं की मंत्र्यांना गाठायचं. बोलायला अर्थातच मी. चहाच्या टपरीवर सरकारची सालटी काढण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मामा म्हणाले, "मीही येतो. इतक्या वर्षांचा आपला माणूस, एकदा बघू तरी." आठ-दहा जण टेकडी चढून गेलो. फाटकावरच्या शिपायाने "सिर्फ़ दो" म्हणून बोटं दाखवली. मी आणि मामा आत गेलो.

बंगल्यापुढे गुलाबाचे वाफे होते आणि माळी नळीने पाणी सोडत होता. पाणी वाफ्यातून ओसंडून वाटेवर आलं होतं. वाटेत मी भाषण घोकलं होतं. पहिलं वाक्य असं होतं की 'महाशय, जनता तुम्हाला क्षमा करणार नाही.' मंत्री बाहेर आले. शुभ्र खादी, मऊ हसू. म्हणाले, "कहिए, कोई तकलीफ़?"

आणि मी हात जोडून कमरेत वाकलो. माझ्याच तोंडून मी ऐकलं, "नहीं साहब, कोई तकलीफ़ नहीं। आपकी कृपा है। बस दर्शन को आए थे।"

आजही हे लिहिताना कानशिलं तापतात.

मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी टोपी काढली आणि सलाम केला. "साहब, मैं आपका नाम रोज़ लेता हूँ। दोनों वक़्त।"

मंत्री खुलले. "अच्छा? बड़ी कृपा."

"प्रभु से कहता हूँ, यह आदमी झूठ बोल जाता है। इसे सच बोलने का बल दे।"

माळ्याच्या हातची नळी तशीच राहिली. मंत्र्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा सेक्रेटरी पांढरा पडला. मामा बोलत होते आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. दम लागलेल्या साध्या हिंदीत त्यांनी विहीर सांगितली, चढ सांगितला, भाचीचे भरत आलेले दिवस सांगितले. मग वाफ्याकडे बोट करून म्हणाले, "हमारा पानी यह रहा, साहब." आजारी माणसाला त्याचा आजार सांगावा, इतक्या मायेने. ज्याच्यासाठी रोज गुडघे टेकतो त्याच्यासमोर उभं राहायला या माणसाला भीती कशी ती वाटतच नव्हती. मला एकदम कळलं की इतकी वर्षं मी ज्याला भोळेपणा समजत होतो, ती ही ताकद होती. शेवटी त्यांनी विचारलं, "इजाज़त हो तो दो मिनट प्रार्थना करूँ?" आणि परवानगीची वाट न बघता डोळे मिटले. प्रार्थना त्यांना मराठीतच करता येई. मंत्र्यांना त्यातलं किती कळलं, देव जाणे. पण मी चोरून बघितलं. त्यांचेही डोळे मिटलेले होते आणि तोंडावरचं ते मऊ हसू गेलं होतं. आमेन झाल्यावर ते आत निघून गेले. जाताना माळ्याला हाताने खूण केली. नळी बंद झाली.

बाहेर थांबलेल्यांना मी "बघू, म्हणालेत" एवढंच सांगितलं. मामा टोपी घालून उतार उतरू लागले.

थोड्याच दिवसांत नळाला पाणी आलं. सगळी रांग नळाभोवती जमली, कुणी पेढे आणले, आणि लोकांनी मला मध्ये घेतलं. "काय सुनावलंत हो त्याला? आम्हाला सांगा तरी!"

मी सांगितलं. मामांची वाक्यं मी माझ्या तोंडी घातली. 'तुम्ही खोटं बोलता,' हे मी म्हणालो. गुलाबाच्या वाफ्याकडे बोट मी दाखवलं. सांगता सांगता, नळ आल्याचं ऐकून विहिरीवरून तसेच परत चढ चढून येणारे मामा मला दिसले, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या. त्यांना बघूनही मी थांबलो नाही.

"आणि मामा काय करत होते?" कुणीतरी विचारलं.

"मामा? ते साहेबांना आशीर्वाद देत होते. आमचे सरकारी पाळक!"

केवढा हशा झाला. मामांनी तो संपू दिला. मग गर्दीतून वाट काढत बादल्या नळाखाली लावल्या, त्या भरताना बघितल्या आणि मला म्हणाले, "आता चढ नाही. छान झालं हो."

त्या रात्री जेवायला बसलो. नवाबसाहेब झाले, आजी-माजी सगळे झाले. उपमंत्र्यांवर बायकोने भाकरी टाकली. मी डोळे उघडून ताटाकडे बघत होतो, तेवढ्यात मामांनी आणखी एक श्वास घेतला. "आणि प्रभू, आमच्या जावईबापूंनाही खरं बोलण्याचं बळ दे."

"बघा, मामांना तुमची किती काळजी," बायको म्हणाली. तिची भाकरी करपली होती.

ते नाव मात्र चिकटलं. रविवारची मराठी उपासना आळीपाळीने एकेका घरी होई आणि प्रार्थना मामा चालवत. पुढे कारकुनांची पगाराची चळवळ उभी राहिली, सरकारवर सगळेच चिडले, आणि मंडळीतले वडीलधारे म्हणाले की सध्या सरकारी पाळक नकोत, लोकांना आवडत नाही. मला उभं केलं. मी ठरावीक दोन वाक्यं म्हटली. मागून, जिथे चपला काढतात तिथून, मामांचं "आमेन" आलं. सगळ्यांत मोठ्याने, सगळ्यांत मनापासून. तेव्हाही मला सांगता आलं असतं. पुढे त्याच मंत्र्यांचं पद गेलं, तेव्हा मामांनी बुटांना पॉलिश केलं आणि टेकडीवर निघाले. "आज त्यांच्याकडे गर्दी नसेल," म्हणाले. लोकांनी तेही हसण्यावारी नेलं आणि मी त्यांच्यात होतो.

शेवटी दुकान सुटलं आणि मामा जबलपूरला मुलीकडे कायमचे निघाले. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच गेलो, मुद्दाम. गाडी उशिरा होती. आम्ही ट्रंकेवर शेजारी बसलो. इतका निवांत वेळ आम्हाला कधी मिळाला नव्हता. मी तीनदा घसा साफ केला.

"मामा, त्या दिवशी..."

"कुठल्या दिवशी, जावईबापू?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ते डोळे वाट बघत होते. आज मला याची खात्री आहे.

"त्या दिवशी तुमची छत्री आमच्याकडे राहिली."

"असू द्या," ते पुन्हा रुळांकडे वळून म्हणाले. "तुम्हाला लागेल."

मग गाडी आली, धावपळ झाली, मी ट्रंक आत सरकवली. खिडकीतून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे ओठ हलले. गाडी हलली. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पावसाळ्यानंतर जबलपूरहून कळलं की मामा गेले.

पण त्या दिवशी गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर गेला, तेव्हा मी तिथेच उभा राहून मोठ्याने म्हणालो, "बोललात ते तुम्ही, मामा. घाबरलो तो मी. मला माफ करा." शेजारून एक हमाल डोक्यावर बोजा घेऊन चालला होता आणि मी त्याच्या वाटेत उभा होतो. त्याला वाटलं, मी त्यालाच म्हणतोय. मला वळसा घालून जाता जाता तो म्हणाला, "कोई बात नहीं, बाबूजी."