पोपटाचा उष्टा पेरू

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तासगावची एसटी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. अडीच वर्षांची माझी ईश्वरी अजून साधं 'आई' म्हणत नव्हती, तिला डॉक्टरांना दाखवायचं होतं. पुढची गाडी नऊला. थंडी लय. म्हणून समोरच्या तळ्यावरच्या पक्षी उद्यानात शिरलो. मी, ईश्वरी, माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्या म्हणतो, आणि शेजारची शबाना. नंतर डॉक्टर म्हणाले, "थांबा थोडं, चार माणसांत न्या." तेव्हापासून दर रविवारी तळं. तीन बायका गेल्या की किस्से खरकट्या भांड्यांसारखे साठतात. आज घासायला काढलेत.

*

पक्षी दाखवणारे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "हिवाळी पाहुणे आलेत. पार हिमालयापलीकडून."

आत्यांनी पदर डोक्यावर घेतला. "मुलीकडचे का मुलाकडचे?"

*

सरांनी आत्यांना दुर्बीण दिली. त्यांनी ती उलटी धरली.

"आवं सर, हितं बसलेलं बदक तुमच्या नळीनं तासगावला पोचलं की."

सरांनी सुलटी करून दिली. बदक एकदम नाकापुढं आलं. आत्या दोन पावलं मागं. "चावतंय का ओ?"

*

सर म्हणाले, भडक कपडे नकोत, मळकट रंग घाला. शबाना नवऱ्याचा मोटार दुरुस्तीचा शर्ट घालून, मफलर गुंडाळून आली.

वॉचमननं गेटावरच धरलं. "मिस्त्री, उशीर केला. पंप तिकडं हाय."

शबाना गेली. पंप चालू करून आली.

*

पोपटानं चोचलेला पेरू खाल्ला की मूल बोलतं, असं आत्यांचं म्हणणं. दोन रविवार झाडाखाली बसल्यावर एक पडला. मला जंतूंची भीती. नळावर तीनदा धुतला, मग ईश्वरीला दिला.

आत्यांनी कपाळावर हात मारला. "धुतलास? मग बोली गेली की नळाला."

शबाना म्हणाली, "नळाखाली भांडं ठेवायचं होतं गं."

त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही.

*

गेल्या रविवारी डोक्यावर पट्टे असलेले हंस उतरले. सगळं तळं भरलं. सांगलीची मंडळी पहाटेपासून कॅमेरे लावून बसलेली. सर कुजबुजले, "श्वाससुद्धा हळू."

मी ईश्वरीच्या तोंडावर हात ठेवायला गेले आणि थांबले. जी बोलतच नाही, तिचं तोंड काय दाबायचं.

ईश्वरी कठड्याला धरून उभी राहिली. हात वर केले. "हाऽऽ... हुर्र्या!"

शेतात शाळवाच्या कणसांवरची पाखरं हाकलताना आत्या घालतात तीच हाळी, तोच सूर.

तळं रिकामं झालं. सर मटकन खाली बसले.

"आणिक एकदा म्हण, माझी बाय," आत्या म्हणाल्या.

म्हणाली की.

तिचे पप्पा फौजेत, बर्फात आहेत, फोन लागत नाही. आपल्या भागातलं कुणी सुट्टी संपवून तिकडं निघालं असेल तर एवढा निरोप द्या. पोरगी बोलली. हंसांचं सांगू नका.